भरलेल्या भेगा

आधी दुधाचे कॅन आले, मग बातमी आली.

मी गोठ्याच्या भिंतीला टेकू लावत होतो. भूकंपात ती भिंत मधोमध फाटली होती आणि रोज बोटभर पुढं झुकत होती. चुलतभावाचा ट्रॅक्टर दारात येऊन थांबला. त्यानं इंजिन बंद केलं नाही. खाली उतरला, ट्रॉलीतून दोन कॅन काढले आणि अंगणात ठेवले. एकाला झाकण नव्हतं. दुसऱ्याचं पोट आत गेलं होतं.

"कॅन तू कसे आणलेस?" मी विचारलं. "ती कुठंय?"

"दादा, खाली बस आधी."

"बसायला वेळ कुठंय? ही भिंत बघतोयस ना? सोडली की म्हशीच्या पाठीवर. गाडी बंद पडली का तिची? कधीची सांगतोय, मेस्त्रीला दाखव, मेस्त्रीला दाखव. ऐकेल तर शपथ."

"दादा, टेकू सोड."

मी सोडला नाही. मग त्यानंच तो माझ्या हातातून काढून घेतला, नीट तिरका लावला, खाली दगड सारला, हलवून बघितला. एवढं सगळं व्यवस्थित केलं आणि मग म्हणाला, "वहिनी गेल्या. तिसऱ्या वळणावर."

मला कळलं. कळलं तरी तोंडातून निघालं ते एवढंच, "मग दूध?"

आजही त्या शब्दाची लाज वाटते. पण नऊ वर्षं आमच्या घरात सकाळी पहिला विचार दुधाचाच असायचा. वरची वस्ती म्हणजे तिचं माहेर. वीसेक घरं, घरटी दोन-दोन म्हशी. तिथून खाली दूध केंद्रापर्यंत सात किलोमीटरचा रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार. ती रोज पहाटे वर जायची आणि चार कॅन गाडीला बांधून उन्हं तापायच्या आत खाली आणायची. मोटारसायकल मीच निवडलेली. तिला हलकी हवी होती. मी म्हणालो होतो, "हलकीवर चार कॅन बसतील का? जड घे, रस्त्याला चिकटून चालेल." ती जड गाडी थांबवताना तिचे नुसते चवडे टेकायचे. पण तिनं परत कधी तो विषय काढला नाही. तिचा स्वभावच तसा. एकदा ठरलं की ठरलं.

मी ट्रॅक्टरवर बसून वळणावर गेलो. तोवर तिला बाहेर काढून बाजूला ठेवलं होतं. गाडी अजून तशीच होती, पुढचं चाक जमिनीत, मागचं वर. कॅन दोरीनं आवळलेले, त्यामुळे तिला पाय काढता आला नव्हता. गाडीचं आणि दुधाचं सगळं वजन अंगावर. वस्तीवरची माणसं म्हणत होती, जीव जायला फार वेळ लागला नसेल. हे ती माणसं माझ्यासाठी म्हणत होती.

मी चाकाकडे बघितलं. चाकाभोवतीच्या मातीतून मक्याची धाटं वर आली होती.

ती धाटं मी घातली होती.

हे मी उलगडून सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. भूकंपानं त्या रस्त्याला आडव्या अकरा भेगा पडल्या. कुठं वीतभर, कुठं हातभर. माणूस ओलांडून जायचा, पण चुलतभावाची ट्रॉली अडली. वर मका निघाला होता, तो खाली यायला हवा होता. सरकारी माणसं एकदा येऊन मोजून गेली, ती गेलीच. मग आम्ही सहाजण फावडी घेऊन गेलो. आमच्याकडे शेतात पाण्याचा पाट आडवा आला आणि गाडी पलीकडं न्यायची असली, की पाटात धाटं टाकतात, वर माती ओढतात आणि पायांनी धोपटतात. गाडी आरामात जाते. काम झालं की धाटं काढून पाट मोकळा करायचा. लहानपणापासून हेच करत आलोय. आम्ही भेगाही तशाच भरल्या. दोन दिवसांत अकराच्या अकरा. वरून ट्रॉली गेली, आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण पाटाला तळ असतो. त्या भेगांना तळ नव्हता. भूकंपानंतरचे लहान धक्के चालूच होते. प्रत्येक धक्क्याला भेग थोडी फाकायची आणि धाटं थोडी खाली उतरायची. वर राहायची ती नुसती माती, दुधावर साय राहावी तशी. ट्रॅक्टरचं चाक मोठं, ते दोन्ही काठांवर टेकून पार व्हायचं. मोटारसायकलचं चाक सायीतून सरळ आत.

मी आणि चुलतभावानं एकमेकांकडे बघितलं. लोक गाडी बाहेर ओढत होते, तेवढ्यात त्यानं पायानं धाटं आत ढकलली. "दगड घरंगळला म्हणून सांगू," तो हळूच म्हणाला. "कशाला घाण वर काढायची? वहिनी परत येणारेत का?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. चौकशीला पोलीस आले, त्यांनी दगड असंच लिहून घेतलं.

दोन महिने गेले. मुलगी तालुक्याला कापडाच्या दुकानात कामाला होती, ती सोडून घरी आली होती. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, उद्यापासून दूध मी आणणार."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? आजी दोन महिने दूध ओढ्यात ओततेय. सगळी वस्ती ओततेय. म्हशी काही दूध द्यायच्या थांबल्या नाहीत."

"ट्रॅक्टर आणेल."

"काकांचा ट्रॅक्टर मका भरला की निघतो. दूध त्याची वाट बघत बसत नाही, फाटतं."

"नको म्हणजे नको."

"का नको ते सांगा."

"रस्ता चांगला नाही."

"रस्ता चांगला नाही हे मला ठाऊक आहे. आईसुद्धा त्याच रस्त्यानं जायची. तुम्ही तिला कधी नको म्हणालात?"

मी ताट बाजूला सारलं. मुलगी तिच्या आईवर गेलीय. एकदा ठरलं की ठरलं.

दुसऱ्या दिवशी ती मेस्त्रीकडे निघाली, म्हणून मीही मागोमाग गेलो. आमच्या मेस्त्रीला सगळं गाव घासलेट म्हणतं. अंगाला नेहमी तोच वास. त्याच्या दुकानाचं छप्पर भूकंपात बसलं होतं, तेव्हापासून तो ताडपत्रीखाली गाड्या खोलून बसायचा. विकायच्या दोन होत्या. एक मोठी, उंच, चकचकीत. एक जुनी हलकी, टाकीला पोचा पडलेली. मुलगी सरळ मोठीवर जाऊन बसली.

"ताई, चवडे टेकतायत नुसते," घासलेट म्हणाला.

"चालवताना कुठं पाय टेकायचे असतात?"

"चालवताना नाही, थांबताना. आणि त्या रस्त्यावर चालवणं कमी न् थांबणं जास्त."

"टायर बघा की केवढं रुंद आहे. खड्ड्यात अडकणार नाही."

"रुंद आहे, पण नक्षी कुठंय त्याला? सुट्या खडीवर असलं टायर कसं धरतं सांगू? काकांच्या टकलावर टोपी धरते तसं."

"माझ्या टकलाला मध्ये आणू नकोस," मी म्हणालो.

"बरं, राहिलं." त्यानं मुलीला खाली उतरवलं आणि मोठी गाडी हलकेच जमिनीवर आडवी केली. "उचला."

"मी?"

"मग काय मी येणारे रोज तुमच्या मागं? आपल्याला एकटीला उचलता येते ती आपली गाडी. बाकी सगळं विकणाऱ्याचं बोलणं."

तिनं हँडल धरून ओढलं. गाडी हलली नाही. बांगड्या वर सारल्या, परत ओढलं. तोंड लाल झालं. गाडी गुडघ्यापर्यंत आली आणि परत बसली.

"आणि नाहीच उचलली तर?" ती धापा टाकत म्हणाली.

"तर खाली पडून वाट बघायची, कोण येतंय त्याची." तो बोलून गेला आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली. पाना घेऊन तो उगाच एक नट आवळत बसला. थोड्या वेळानं खाली मान घालूनच म्हणाला, "चुकलो, काका."

"चुकला नाहीस," मी म्हणालो. "हलकी आडवी कर."

हलकी आडवी केली. "आता ओढू नका," तो मुलीला म्हणाला. "गाडीकडे पाठ करा. एक हात हँडलला, एक मागं कॅरिअरला. कंबर सरळ, आणि पायांनी उठा." ती उठली आणि तिच्याबरोबर गाडी उठली. दोन्ही पाय पुरते जमिनीवर टेकले.

"हिच्यावर दोनच कॅन बसतील," ती नाराजीनं म्हणाली.

"दोन खेपा करा."

ते ऐकून मी मनात हिशेब मांडला. मोठी घेतली तर एक खेप, पण पडली की उठायची नाही. हलकी घेतली तर त्या भेगांवरून दोनदा वर आणि दोनदा खाली. घासलेटला भेगांचं ठाऊक नव्हतं. ठाऊक मला होतं आणि मी गप्प होतो.

त्यानं हलकीला खोल नक्षीचे टायर चढवले, हवा जरा कमी ठेवली. कॅनसाठी दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे जोडले. "दोरीनं आवळायचं नाही, ताई. गाडी आडवी झाली तर कॅन सुटून गेले पाहिजेत. दूध सांडलं तर सांडलं, पाय मोकळा पाहिजे. वेग वळणावर कमी करायचा नाही, वळणाच्या आधीच करायचा. खडीवर पुढचा ब्रेक ओरबाडायचा नाही. रस्ता खडबडीत आला की सीटवरून उठायचं, गुडघे ढिले ठेवायचे. मागं माणूस बसवायचा नाही. हेल्मेटचा पट्टा लावायचा. नुसतं डोक्यावर ठेवायला ते काही मडकं नाही."

"अजून काही?"

"पहिल्या दिवशी रिकामी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामे कॅन अडकवून निघाली. मी खांद्यावर पहार घेऊन पुढं चालू लागलो. फावडं तिच्या कॅरिअरला बांधलं.

"बाबा, तुम्ही गाडीच्या पुढं चालत येणार?"

"येणार."

"मग मी गाडी कशाला घेतली? हातगाडीच घेतली असती."

"हळू चल म्हणजे झालं."

पहिल्या दोन भेगा आल्या तेव्हा मी तिला उतरायला लावलं आणि डोंगराच्या कडेकडेनं गाडी ढकलायला लावली. कडेला भेग चिंचोळी होती, तिथं आम्ही भरलं नव्हतं. तिला काही दिसत नव्हतं. सपाट रस्ता सोडून म्हातारा आपल्याला चिखलातून नेतोय एवढंच तिला दिसत होतं.

तिसऱ्या वळणावर तिनं गाडी थांबवली. हेल्मेट काढलं. तो खड्डा चुलतभावानं नंतर दगडांनी बुजवला होता. ती त्या दगडांभोवती एक फेरी मारून आली. मग डोंगराकडे मान वर करून बघू लागली.

"बाबा, दगड इथंच घरंगळला ना?"

"हो."

"कुठून?"

"वरून."

"वर दगड कुठंय? सगळी माती आहे. वरपर्यंत नुसती माती."

"एखादा असेल."

"एखादा असता तर त्याची खूण राहिली असती." तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या आईचेच डोळे. मी पहार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"उन्हं वर आली," मी म्हणालो. "चल."

तिला राग आला. तिनं पट्टा लावला, गाडी सुरू केली आणि या वेळी माझ्यासाठी थांबली नाही. मी मागं धावत सुटलो. पुढं चौथी भेग. तिथं रस्ता सगळ्यात चांगला दिसायचा. सपाट, तुडवलेला, अंगणासारखा. आम्ही तो फार मन लावून धोपटला होता.

भेगेच्या वीसेक पावलं अलीकडे तिनं गाडी थांबवली आणि वाकून मागं बघितलं. "बाबा, मागचं चाक बसलं वाटतं. गाडी डुलतेय."

मला ते पायांतून कळलं. "पंक्चर नाही! धक्का आहे! उतर, कडेपासून लांब हो!"

ती उतरली. गाडीचा आरसा थरथरत होता. डोंगरावरून वाळल्या मातीचे ओघळ खाली येत होते, चाळणीतून पीठ पडावं तसे. दहा आकडे मोजावेत एवढाच वेळ. मग सगळं थांबलं. ती परत गाडीवर बसली.

"संपला. चला."

"थांब."

"काय आता?"

"थांब म्हणतोय ना!"

"बाबा, पुरे झालं. समोर एवढा चांगला रस्ता आहे." तिनं गिअर टाकला.

मी तिच्या शेजारून पळालो. भेगेच्या काठावर पोचलो आणि दोन्ही हातांनी पहार त्या सपाट मातीत मारली. पहार थांबलीच नाही. माझ्या मुठी जमिनीला टेकल्या तेव्हा मी आडवा पडून पहारीला धरून राहिलो. माझ्यासमोरची माती आधी ताटाएवढी खचली, मग खाटेएवढी. बराच वेळ खाली काहीतरी पडत असल्याचा आवाज येत राहिला.

ती गाडी लावून जवळ आली. उकिडवी बसली.

"धाटं?" ती म्हणाली. "रस्त्यात धाटं कुठनं आली?"

"मी घातली."

"कधी?"

"भूकंपानंतर. ट्रॉली जावी म्हणून."

"आणि तिथं?" तिनं मागं, वळणाकडे हात केला.

"तिथंही."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हात मातीवर ठेवून बसून राहिली.

"दगड नव्हता म्हणजे."

"नव्हता."

"आईला ठाऊक होतं, तुम्ही भरल्यात ते?"

"होतं. म्हणून तर ती बिनधास्त यायची. म्हणायची, माझ्या माणसानं भरलाय रस्ता."

आता ती रडली. मी पुढं होऊन पाठीवर हात ठेवायला गेलो, तिनं खांदा काढून घेतला. नाक पुसलं आणि उठली.

"किती आहेत असल्या?"

"अकरा. आता वळणावरची सोडून दहा."

"सगळ्या आठवतायत?"

"आठवतायत."

"फावडं घ्या मग."

दुपारपर्यंत आम्ही सहा उघड्या केल्या. माती काढायची, धाटं ओढून बाहेर फेकायची, दोन्ही काठांना दगडांची रांग लावायची. उघडी भेग दिसते. दिसली की माणूस उतरतो, कडेनं गाडी ढकलतो. सहावी उघडत होतो तेव्हा वरून मक्यानं भरलेली ट्रॉली आली.

"दादा, हे काय चाललंय?" चुलतभाऊ ट्रॅक्टरवरूनच ओरडला. "मी खाली कसा जाऊ?"

"जाऊ नकोस."

"अरे, पूर्ण भरलेली ट्रॉली आहे! बुजव ते."

"बुजवणार नाही."

"डोकं फिरलं का तुझं? वस्तीचा सगळा मका वर पडलाय. पाऊस आला तर कुजेल."

मुलगी फावडं टाकून ट्रॅक्टरच्या चाकाशी गेली. "काका, दगड कुठं होता?"

"कसला दगड?"

"माझ्या आईवर घरंगळला तो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं इंजिन बंद केलं. मग स्टिअरिंगकडे बघत बोलला, "पोरी, आम्ही मुद्दाम केलं का? रस्ता चालू राहावा म्हणून केलं. तुझा बाप काय, मी काय, दोन दिवस घाम गाळलाय इथं."

"मला ठाऊक आहे. आता वरच्या चार उघडायला लागा."

"त्या उघडल्या तर ट्रॉली वस्तीवरच अडकेल. लोक मला मारतील."

"लोकांना सांगा, का उघडायच्या ते."

"मी नाही सांगणार," तो म्हणाला. "दादानं सांगावं. मी त्याच्यासाठी गप्प बसलो होतो."

हे खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. त्यानं ट्रॉली तशीच उलटी वर नेली, इंच इंच, मुंडी मागं वळवून. वस्तीवर जाऊन त्यानं सांगितलं, दादाचं डोकं बायको गेल्यापासून ठिकाणावर नाही, त्यानं रस्ता खणून काढलाय. दुसऱ्या दिवशी मी पहार घेऊन आठव्या भेगेवर गेलो तर वस्तीवरचे चौघे तिथं बसलेले. माझ्याच सासरची माणसं. हात नाही लावला, पण म्हणाले, "जावईबापू, घरी जा. या चार भेगांच्या पुढं, ओढ्याच्या वाटेनं खाली जायला नवा रस्ता काढतोय आम्ही, तिथवर तरी ट्रॉली जाऊ द्या." मी काठावर दगड मांडून आलो. संध्याकाळी दगड उतारावर फेकलेले होते.

दूध सुरू झालंय. मुलगी रोज दोन खेपा करते. वरच्या चार भेगांशी ती उतरते, काठीनं टोचून बघते, कडेनं गाडी ढकलते. तिला ठाऊक आहे म्हणून. बाकीच्यांना ठाऊक नाही. परवा वस्तीवरच्या एकानं नवी मोटारसायकल घेतली, ती जडवाली, आणि तो बायकोला मागं बसवून आठव्या भेगेवरून भुर्रकन गेला. मुलीनं त्याला हात करून थांबवलं. म्हणे, तो हसला. म्हणाला, तुझ्या बापाचं वेड तुलाही लागलं का?

मी तिला म्हणालो, "तूच सांग आजीला. तिचं सगळी वस्ती ऐकते. ती म्हणाली तर तासाभरात चारही उघडतील."

"मी नाही सांगणार, बाबा," ती कॅन धूत म्हणाली. "आजीला तुम्ही सांगायचं. दगड तुम्ही सांगितलात, धाटंही तुम्हीच सांगा."

ती बरोबर बोलली. या आठवड्यात मी दोनदा वस्तीवर गेलो. दोन्ही वेळा सासूबाईंनी पाणी दिलं, समोर बसल्या, लेकीच्या आठवणी काढल्या. म्हणाल्या, "त्या मेल्या दगडाला दुसरी जागा नव्हती का हो?" मी पाणी प्यायलो आणि परत आलो.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. वरच्या चार भेगा अजून भरलेल्याच आहेत.